सरावाचं दार

थोरल्याने वर्गाच्या मधोमध उभ्या केलेल्या सरावाच्या दाराला लाथ घातली. नुसती चौकट आणि फळी, भिंतीचा पत्ता नाही. दार धाडकन उघडलं आणि पलीकडे उभ्या असलेल्या त्याच्या धाकट्या भावाने, बाळूने, दोन्ही हातांनी कान झाकले.

“हेच ना ते? टकटक करायचं आणि आतून ‘ये’ म्हणेपर्यंत थांबायचं?”

“हेच,” बाई म्हणाल्या. ज्यांना समज सावकाश येते अशा मोठ्या माणसांना रोजचं जगणं शिकवायचं, हा त्यांचा पेशा. घरच्यांचा आरडाओरडा पगारातच धरलेला. “लाथा घरी मारा. इथे चार जण शिकतायत.”

“काल इथून घरी आला तो दुपारभर दाराबाहेर उन्हात उभा. मी कामावरून आलो तेव्हा पाय सुजलेले. हे तुमचं शिक्षण! आजपासून बंद. उद्यापासून हा घरीच बसेल.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळिशीला टेकलेला बाळू वर्षभर खपून एवढं शिकला होता, आणि न विचारता खोलीत घुसतो म्हणून हे शिकवाच, असा तगादा ह्याच माणसाच्या बायकोने लावला होता. पण कुणी ‘ये’ म्हटलंच नाही तर काय करायचं, हे बाईंनी शिकवलं नव्हतं. ते त्यांना फार लागलं.

“घरी कुणी नव्हतं?”

“ही होती की. डोळा लागला असेल.”

बाई वळल्या. “बाळू, काल दार वाजवलंस?”

“वाजवलं. वहिनीचा टीव्ही चालू होता. मी वाजवलं, टीव्ही बंद झाला.”

“मग?”

“थांबलो. मग परत चालू झाला. परत वाजवलं, परत बंद झाला.” आपलं काही चुकलेलं नाही, याची त्याला खात्री होती. “कुणी ‘ये’ म्हटलं नाही, बाई.”

थोरल्याने बाळूच्या पायांकडे पाहिलं. बाईंना त्याची अजिबात दया आली नाही.

“मग, नाव काढून टाकू ह्याचं?”

त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. घराची किल्ली कडीतून सुटता सुटेना, नख तुटलं. शेवटी ती त्याने टेबलावर आपटली.

“टकटक पुरे झालं,” तो बाळूकडे न बघता म्हणाला. “ह्याला लॅच उघडायला शिकवा.”