दोन वर्षं हात लावायचा नाही

जर्मनीतल्या एका गावच्या सांजशांती बाग-वसाहतीच्या, म्हणजे घरापासून दूर भाड्यानं मिळणाऱ्या बागांच्या, पुस्तिकेत चौऱ्याऐंशी नियम होते आणि फोल्कमार ब्रान्डेसला ते सगळे तोंडपाठ होते. कुंपणाची झुडपं किती उंच वाढू द्यायची, दुपारी एक ते तीन गवत कापायचं यंत्र का लावायचं नाही, जागेच्या किती भागात भाजी आणि किती भागात नुसती हौस, विचारायची खोटी. एवढं पाठांतर वसाहतीत आणखी एकाचंच होतं, अध्यक्ष टीडेमान यांचं. पण पुस्तिका त्यांनीच लिहिलेली असल्यामुळे त्यांचं कोणी कौतुक करत नसे.

फोल्कमारचाही तसा दोष नव्हता. अडतीस वर्षं त्यानं वजनमापं खात्यात काढली होती. खाटकाचा तराजू, पेट्रोल पंपाचं मीटर, बिअरच्या ग्लासावरची रेघ, सगळं तपासून शिक्का मारायचा. त्याच्या कारकिर्दीत जिल्ह्यात कोणाला रेघेच्या खाली बिअर मिळाली नाही. वरही मिळाली नाही, पण तो भाग निरोपसमारंभाच्या भाषणात वगळला गेला.

ॲस्परॅगस, म्हणजे मातीतून वर येणाऱ्या कोवळ्या कोंबांची भाजी, लावायची कल्पना त्याची नव्हे, त्याच्या बायकोची, गेझिनेची. सासष्टावा वाढदिवस झाल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या शेतातलं विकत घेऊन खाल्लं. आता आपलं लावू." फोल्कमारनं त्या एप्रिलात चर खणला, वाळू आणि कुजलेलं खत मिसळलं, दोरी ताणली आणि चोवीस गड्डे कोळ्यासारखे पाय पसरून ओळीत बसवले. दोन गड्ड्यांमधलं अंतर त्यानं पोलादी पट्टीनं मोजलं.

"अरे, भाजी लावतोयस की परेडला उभं करतोयस?" गेझिने म्हणाली.

"पंधरा वर्षं एका जागी राहायचंय त्यांना. भांडणं नकोत."

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लागवडीच्या सूचना होत्या. पहिल्या वर्षी हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी हात लावायचा नाही. कोंब येतील, वाढू द्यायचे, त्यांचा पिसारा होऊ द्यायचा, म्हणजे खाली गड्डा पोसतो. तिसऱ्या वर्षी मातीचा वरंबा चढवायचा, अंधारात पांढरे कोंब येतील, ते थोडे दिवस कापायचे. त्यानंतर मात्र दर वसंतात, चोवीस जूनपर्यंत, पोटभर.

"पंधरा वर्षं म्हणजे तोवर मी एक्याऐंशीची होईन," गेझिनेनं बोटांवर मोजलं.

"मी शहाऐंशीचा. दात कोणाचे शिल्लक राहतायत बघू."

"ॲस्परॅगसला दात लागत नाहीत. म्हणून तर लावतेय."

पहिल्या वर्षी पातळ हिरवे धागे आले, त्यांचा पिसारा झाला, शरदात पिवळा पडला. त्याच शरदात गेझिनेच्या पोटात दुखायला लागलं. जानेवारीत इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला, मग काय वाटलं कोण जाणे, परत स्वतःकडे वळवून घेतला आणि म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत. फार तर शरदापर्यंत."

परतीच्या वाटेवर फोल्कमारनं मध्येच एका पेपरवाल्याच्या दुकानापाशी गाडी थांबवली, आत गेला आणि बागकामाच्या मासिकाची वर्गणी भरली. गेझिनेच्या नावानं, दोन वर्षांची. गाडीत त्यानं पावती तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि गाडीचा पट्टा जरा घट्ट ओढून लावला.

त्या दिवसापासून फोल्कमारच्या घरात 'पुढच्या वर्षी' हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडू लागला. पडदे पुढच्या वर्षी बदलू. समुद्रावर पुढच्या वर्षी जाऊ. हिवाळ्यात त्यानं ॲस्परॅगस कापायची लांब दांड्याची सुरीसुद्धा आणून ठेवली, वेष्टनासकट. पुढच्या वर्षीसाठी.

एप्रिलच्या शेवटी ऊन पडलं तसा तो गेझिनेला बागेत घेऊन आला. आरामखुर्चीत, दोन घोंगड्या पांघरून ती बसली. आधी ती खुर्ची भरून बसायची, आता खुर्चीत आणखी एक जण मावला असता. वाफ्यातून जांभळ्या टोकांचे कोंब वर आले होते, पेन्सिलीएवढे. काही बारीक, काही वाकडे.

"फोल्कमार," ती म्हणाली, "तीन काप. जास्त नको. तीनच."

"दुसरं वर्ष आहे."

"मला माहीत आहे कितवं वर्ष आहे."

"आत्ता कापले तर गड्डा अशक्त होतो. मग पंधरा वर्षं रडत बसा."

"पंधरा वर्षं कोण रडतंय?"

शेजारच्या कुंपणावरून टीडेमान यांचं डोकं वर आलं. त्यांचं कुंपण नियमापेक्षा चार बोटं ठेंगणं होतं, बहुधा याच कामासाठी.

"तुम्हीच सांगा, हेर टीडेमान," फोल्कमार म्हणाला, "दुसऱ्या वर्षी कापतात का?"

"पुस्तिकेप्रमाणे नाही," टीडेमान म्हणाले. मग त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि त्यांना एकदम आपले टोमॅटो आठवले. डोकं खाली गेलं.

"बघ," फोल्कमार म्हणाला. "पुढच्या वर्षी. वरंबा चढवू, पांढरेशुभ्र, अंगठ्याएवढे काढू. तुझ्याच हातानं."

गेझिने हसली. "बरं. पुढच्या वर्षी." पण दुसऱ्या दिवशी तिनं परत मागितले. तिसऱ्या दिवशीही. रोज त्याच आवाजात, 'जरा खिडकी लाव' म्हणावं तसं. आणि रोज फोल्कमार नाही म्हणायचा. काही दिवसांनी तर तो सकाळी दाढी करतानाच नकार जुळवून ठेवू लागला.

मग त्याला एक युक्ती सुचली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या युक्त्या पकडलेला माणूस स्वतः करायला गेला की काय होतं, ते इथे दिसलं. गावाबाहेरच्या रस्त्यावर फ्राऊ ल्यूडर्सची ॲस्परॅगसची लाकडी टपरी होती. तिथून त्यानं सगळ्यात उत्तम जुडी आणली, टोकाकडून खाली अशी नीट सोलली, पाण्यात चिमूटभर साखर आणि लोणी घालून उकडली, बटाटे, वितळलेलं लोणी, हॅमचे दोन काप असं ताट सजवलं आणि गेझिनेपुढे ठेवलं.

"शेवटी कापले," तो म्हणाला. "वाफ्यातले."

गेझिनेनं ताटाकडे बघितलं. एक कोंब खाल्ला. अर्धा बटाटा खाल्ला. रुमालानं ओठ टिपले.

"फ्राऊ ल्यूडर्सचा गुडघा कसा आहे आता?"

फोल्कमारनं आपल्या ताटातला बटाटा कुस्करायला घेतला.

"अरे, आपल्या वाफ्यावर वरंबा नाही. कोंब उन्हात येतायत, हिरवे-जांभळे. हे पांढरे कुठून उगवले? कपाटात?" ती इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं, आणि पोट धरल्यावर हसणं थांबलं. "अडतीस वर्षं दुसऱ्यांचे खोटे तराजू पकडलेस. धन्य आहे."

"चवीला फरक नसतो," फोल्कमार म्हणाला.

"मग आपण लावले कशाला?"

फोल्कमारनं ताटं उचलली आणि बराच वेळ धुतली. दोनच होती.

मे उजाडला तशी गेझिने बागेत येईनाशी झाली. पलंग खिडकीपाशी आणला. रोज सकाळी एक परिचारिका यायची, काय ते टोचून जायची. फोल्कमार दुपारी तासभर बागेत जाऊन यायचा आणि आल्यावर बातमी द्यायचा. आज अकरा नवीन आले. एक अगदी सरळ आहे. पहिल्या कोंबांचा पिसारा आता कमरेपर्यंत आलाय.

"छान," गेझिने म्हणायची.

नुसतं 'छान'. पहिल्या दिवशी फोल्कमारच्या ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जुळवून ठेवलेला नकार तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम विषय काढला, "दोन-तीन तर चांगले जाड आहेत हं." ती म्हणाली, "वाढू दे त्यांना," आणि खिडकीकडे वळली.

डॉक्टर बोलला होता तेव्हा फोल्कमार घाबरला नव्हता. डॉक्टर लोकांचं काय, त्यांचे तराजू कोण तपासतं? पण आता गेझिनेनं मागायचं बंद केलं होतं.

दुसऱ्या सकाळी तो बागेत गेला आणि वाफ्यापाशी नुसता उभा राहिला. कुंपणावर डोकं आलं.

"हेर ब्रान्डेस, सगळं ठीक?"

"आता कापले तर काय होईल?" फोल्कमारनं विचारलं.

"गड्डा अशक्त होईल. पुढच्या वर्षी पीक कमी. कदाचित काही गड्डे मरतील." टीडेमान यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "त्या अजून मागतात का?"

"नाही. चार दिवस झाले."

टीडेमान म्हणाले, "मी एप्रिलमध्येच कापले असते."

"तुम्ही? पुस्तिका तुम्ही लिहिलीत!"

"लिहिली ना. पण मी काय लिहिलंय यावर इतकं जायचं नसतं." त्यांनी कुंपणावरून हात पुढे केला. "मी उबो."

बावीस वर्षं दोघं एकमेकांना आडनावानं हाक मारत, अहो-जाहो करत आले होते. फोल्कमारनं हात हातात घेतला. "मी फोल्कमार."

"माहीत आहे. वसाहतीच्या वर्गणीच्या पावतीवर असतं. जा, सुरी आण."

त्यानं वेष्टन फाडलं. गुडघे टेकले. एका गड्ड्याचा एकच कोंब घ्यायचा असं ठरवून त्यानं नऊ कापले. सुरी मातीत गेली की कच् असा अगदी बारीक आवाज यायचा आणि दर वेळी त्याचे डोळे मिटायचे. घरी आणून त्यानं ते सोलले. हिरवा कोंब सोलायचा नसतो, पण या गावात हिरवा खातो कोण, कळणार कसं? टोकापासून खालपर्यंत सोलल्यावर हातात दोरे उरले. तो परत बागेत गेला आणि आणखी नऊ कापले. या वेळी एकेका गड्ड्याचे दोन दोनही घेतले. उबो टीडेमान तेवढा वेळ पाठ करून आपल्या टोमॅटोंना पाणी घालत होते. ते आधीच भिजलेले होते.

ताटात एक बटाटा, थोडं लोणी आणि ते अठरा. बारीक, वाकडे, निम्मे सोलपटलेले, निम्मे जांभळट. फ्राऊ ल्यूडर्सनं असली जुडी कोंबड्यांना घातली असती.

गेझिनेला उशांना टेकवून बसवलं आणि त्यानं ताट तिच्यापुढे ठेवलं. तिनं एक कोंब हातातच उचलला, उजेडात धरला.

"हे आपले."

"हो."

त्याला वाटलं होतं, ती हसेल. परिचारिकेलाही त्यानं तसं सांगून ठेवलं होतं, आज बाई खूश होणार आहेत. गेझिनेनं कोंब हळूच परत ताटात ठेवला, आणि जानेवारीपासून एकदाही न रडलेली ती बाई रडायला लागली. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी, थेट ताटात.

"काय झालं? काय चुकलं?" फोल्कमार कासावीस झाला. "तूच मागत होतीस ना? रोज मागत होतीस."

"मी मागत होते. तू नाही म्हणत होतास." तिनं श्वास घेतला, आता श्वासालाही वेळ लागायचा. "मला वाटायचं, चला, या घरात निदान एकाला तरी पुढच्या वर्षीची खात्री आहे."

फोल्कमार पलंगाच्या कडेवर बसला. "परत घेऊन जाऊ का?"

"कापलेले परत चिकटवणार आहेस का, वेड्या?"

"मग तू बंद का केलंस मागायचं?"

"तुला नाही म्हणताना फार त्रास व्हायला लागला होता. चेहरा बघितलास का स्वतःचा?" तिनं रुमालानं डोळे पुसले, मग नाक, मग ताटाची कडसुद्धा. "आण इकडे. थंड करू नकोस आता."

तिनं एका कोंबाचं टोक खाल्लं. सावकाश चावलं. मग दुसऱ्याचं. फोल्कमार तिच्या जबड्याकडे बघत राहिला.

"कडू आहेत का?"

"थोडे. आणि मीठ कमी आहे."

"आणतो," असं म्हणून तो उठला.

स्वयंपाकघरात त्यानं मिठाचा डबा काढला आणि ओट्यापाशी उभा राहिला. ओट्यावर हिरव्या साली पडल्या होत्या, कोंबांपेक्षा जास्त. एप्रिलमध्ये ती खुर्चीत बसून, दोन घोंगड्यांमधून तीन बोटं वर करून 'तीनच' म्हणाली होती. तेव्हा तिला अख्खं ताट संपवता आलं असतं, वर त्याच्या ताटातलंही उचलता आलं असतं. त्यानं चिमटीत मीठ घेतलं. जास्त वाटलं, थोडं परत टाकलं. मग कमी वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासलेल्या त्या माणसाला चिमूटभर मिठाचा अंदाज येईना.

"फोल्कमार," आतून हाक आली, "थंड होतंय रे."

"आलो," तो म्हणाला, आणि चिमूट तशीच धरून ओट्यापाशी उभा राहिला.