डावा वेगळा, उजवा वेगळा

मी एक जुनी फळी आहे. बूट शिवणाऱ्याच्या दुकानात पावलाचे माप घ्यायला वापरतात ती. मित्रांनो, हसू नका. माझ्यावर आजवर जितकी माणसे उभी राहिली, तितकी एखाद्या पुढाऱ्याच्या मागेही उभी राहिली नसतील.

माझा जन्म एका मोडक्या दरवाजातून झाला. आमचे मालक तेव्हा तरुण होते, दुकान नवे होते आणि खिसा रिकामा होता. शेजारच्या सुताराने दरवाजाची फळी कापली, रंधा मारून गुळगुळीत केली, एका टोकाला टाच टेकायला ठोकळा बसवला आणि दुसऱ्या टोकाकडून पुढेमागे सरकणारी पट्टी जोडली. मोबदला म्हणून मालकांनी त्याला बूट शिवून दिले. त्याच्या पायाचे माप माझ्यावरच घेतले, म्हणजे माझ्यावर पहिला पाय ठेवला तो मला घडवणाऱ्यानेच.

त्या दिवशी मालकांना एक गोष्ट कळली आणि ती त्यांनी कायमची मनात धरली. सुताराचा उजवा पाय डाव्यापेक्षा लांब निघाला. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाचे दोन्ही पाय ते वेगवेगळे मोजू लागले. कोणाचा उजवा मोठा, कोणाचा डावा रुंद, एखाद्याच्या अंगठ्याचा तोराच निराळा. हुबेहूब सारख्या पायांची जोडी असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुम्हाला तुमचे पाय सारखे वाटत असतील तर तो तुमचा भाबडेपणा आहे.

ते दिवस फार सुखाचे होते. लग्न ठरलेल्या मुली यायच्या, दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या परिचारिका यायच्या, गुदगुल्या होतात म्हणून खिदळणारी पोरे यायची. "तुमच्याकडचे बूट घातले की पायात काही आहे असं वाटतच नाही," असे लोक म्हणायचे आणि मालक माझ्याकडे बोट दाखवायचे. माझा ऊर भरून यायचा.

मग दिवस फिरले. तयार बुटांची मोठमोठी दुकाने झाली. आमच्या रस्त्यावर पूल आला आणि माणसे आमच्या डोक्यावरून भरधाव जाऊ लागली. पुलाखाली उतरून बूट शिवून घ्यायला वेळ कोणाला होता? दुकानात दिवसचे दिवस कोणी फिरकेना. हळूहळू माझ्यावर चहाची किटली ठेवू लागले. मित्रांनो, मी मापाची फळी. पाय पडला तर मला अभिमान वाटतो, पण किटलीचा चटका बसला तेव्हा खरेच रडू आले.

मालकांना दोन मुली. मोठी लग्न होऊन दूरच्या शहरात राहते. धाकटी दुकानातच लहानाची मोठी झाली, वरचे चामडे शिवण्यात बापाच्या वरचढ आहे. एक दिवस मोठी घरी आली आणि तिने विषय काढला. जागेचा करार संपत आला होता. तो पुन्हा करू नये, बाबांनी तिच्याकडे राहायला यावे, धाकटीने कारखान्यात नोकरी धरावी, असे तिचे म्हणणे होते. बोलण्यात माया होती, म्हणून तर मालकांना नाही म्हणता येईना. त्यांनी मान डोलावली आणि उगाच एक सुई शोधत बसले.

धाकटीने मात्र करार संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. तेवढ्या काळात ती इंटरनेटवर दुकान मांडणार होती. गिऱ्हाईक आले नाही तर ती स्वतः शटर ओढणार होती. मोठीने हे कबूल केले. शटर ओढले की फळीचे सरपणच होणार, हे मला मात्र पक्के माहीत होते.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात धांदल उडाली. धाकटीने खिडकीशी पांढरी चादर लावली आणि एकेका बुटाचे फोटो काढले. लोकांनी पैसे फोनवरून भरावेत म्हणून तिने एका कंपनीकडे अर्ज केला. कंपनीला दुकानाच्या पाटीचा फोटो हवा होता. आमच्या पाटीवर पुलाची इतकी धूळ बसली होती की तिच्यावर काय लिहिले आहे ते मालकांनाच आठवेना. ते स्टुलावर चढले, साबणाच्या पाण्याने पाटी घासली आणि खाली उतरून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

मग आली 'कार्ट'. धाकटीने समजावून सांगितले, की गिऱ्हाईक हवे ते या टोपलीत टाकते, शेवटी पैसे भरते आणि आपल्याला निरोप येतो. सगळे नीट चालते का हे बघायला तिने स्वतःच्या फोनवरून एक बूट टोपलीत टाकला, फोनवर आलेला आकडा घातला आणि पैसे भरले. लगेच टेबलावरच्या लॅपटॉपने टिंग केले. मालक उठून उभे राहिले, बाह्या सारख्या करून थेट दारापर्यंत गेले. बाहेर कोणी नव्हते. गिऱ्हाईक कुठे आहे, असे त्यांनी विचारले. धाकटीने पडद्याकडे बोट दाखवले.

"मग त्याला बसायला काय देतेस?" मालक म्हणाले.

धाकटी हसली खरी, पण तिने ते मनावर घेतले. दुकानाच्या पहिल्याच पानावर तिने लिहिले, 'या, बसा. कागदावर उभे राहा आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवा. तो कागद आम्हाला टपालाने पाठवा.' शेजारी माझा फोटो लावला. त्यासाठी मला किटलीखालून काढून, तेल लावून चकचकीत केले होते. तेव्हापासून किटली खिडकीत गेली. माझ्या जिवात जीव आला.

आता खरी गंमत ऐका. प्रत्येक वेबसाइटवर बूट जोडीने विकतात. आमच्या मालकांना ते मान्य नव्हते. दोन पाय वेगळे, तर दोन बूट वेगळे, मग एकत्र विकायचे कसे? ते हट्टालाच पेटले. शेवटी धाकटीने हात टेकले. डावा बूट वेगळा लावला, उजवा वेगळा, आणि प्रत्येकाची किंमत जोडीच्या निम्मी.

पहिली ऑर्डर आली तेव्हा दोघांनाही आभाळ ठेंगणे झाले. एका बाईने एक डावा बूट मागवला होता. मालक म्हणाले, दुसऱ्या पायाचा कागद येईलच मागाहून. मन लावून बूट शिवला, खोक्यात घातला आणि पाठवून दिला. मागाहून कागद आला नाही, फोन आला.

"एवढ्या कमी किमतीत एवढे सुंदर बूट मिळतायत म्हणून मी मैत्रिणींना सांगत सुटले," बाई म्हणाल्या. "आता या एका बुटावर काय लंगडी घालत ऑफिसला जाऊ?"

धाकटीने माफी मागितली आणि उजवा फुकट शिवून देण्याचे कबूल केले. पण त्या मैत्रिणींनीही तोवर एकेक डावाच मागवला होता. दुसऱ्या काहींनी टोपली भरली, काहीतरी घोळ आहे असे ओळखले आणि टोपली तशीच टाकून दिली. टाकून दिलेल्या टोपल्या पडद्यावर दिसायच्या. त्या बघून मालकांचा जीव खालीवर व्हायचा. दारात येऊन परत गेलेल्या माणसाला हाक मारता येत नाही, हे त्यांना सोसत नव्हते. करार संपायला थोडेच आठवडे उरले होते. मोठीचा फोन आला तेव्हा धाकटी फक्त हो हो म्हणत राहिली.

शेवटी मालक स्वतःच म्हणाले, "माझंच चुकलं गं. बाकीचे विकतात तसं जोडीनं विक."

धाकटी लॅपटॉप उघडून बसली. डावा आणि उजवा खोडून टाकायला तिने सुरुवात केली, एवढ्यात टिंग झाले. एक उजवा बूट. पैसेही भरलेले. तिने कपाळाला हात लावला. या वेळी मात्र बूट शिवण्याआधीच तिने फोन लावला आणि अगदी नम्रपणे विचारले, तुम्हाला जोडी हवी असेल ना?

पलीकडून शांत आवाज आला. "नाही हो, एकच. मला डावा पाय नाही. शाळेत गणित शिकवतो, दिवसभर कुबडीवर उभा असतो. आजवर दर वेळी जोडी घ्यावी लागली. न वापरलेल्या डाव्या बुटांनी घरातलं एक कपाट भरलंय. एकच बूट विकणारे तुम्ही पहिलेच भेटलात. मला वाटलं, मुद्दाम आमच्यासाठीच काढलंय दुकान."

धाकटीने फोन मालकांकडे दिला. मालक म्हणाले, "गुरुजी, कागद पाठवा. दिवसभर एकाच पायावर भार असतो, तेव्हा तळ जाड लावू ना?"

त्या दिवशी धाकटीने काहीच खोडले नाही. उलट एक बटण वाढवले. आता तिथे जोडी आहे, फक्त डावा आहे, फक्त उजवाही आहे, आणि पैसे भरण्याआधी दुकान विचारते, 'एकच बूट हवा आहे ना? नक्की?' लंगडीचा प्रश्न मिटला. टाकून दिलेल्या टोपल्याही कमी झाल्या.

गुरुजी ज्या दवाखान्यात व्यायामाला जायचे, तिथे त्यांनी आमचे दुकान डोक्यावर घेतले. कागद येऊ लागले. एका आजीबाईंचा एक पाय सुजलेला असायचा. एका मुलीचे पाय जन्मापासून लहानमोठे, तिची आई आजवर मोठ्या मापाच्या बुटात कापूस कोंबत आली होती. मालक एकेक कागद माझ्यावर पसरायचे आणि पट्टी सरकवायचे. माझ्यावर पुन्हा पाय पडू लागले होते. कागदी का असेनात, पण पायच.

करार संपायच्या दिवशी मोठी आली. बाबांचे कपडे भरायला तिने रिकामी बॅग आणली होती. मालक तेव्हा गुरुजींच्या आणखी एका बुटाचे माप घेऊन दुसरा कागद पसरत होते. दुसऱ्या गावातल्या एका बेकरीवाल्याचा. त्याला उजवा पाय नव्हता, फक्त डावा बूट हवा होता. मालकांनी पट्टी सरकवायला हात घातला आणि थांबले. पट्टी सरकवायची गरजच नव्हती. गुरुजींच्या अंगठ्याशी जिथे थांबली होती, तिथेच बेकरीवाल्याचा अंगठा टेकला. मी इतकी वर्षे जी पाहिली नव्हती ती हुबेहूब जोडी माझ्यासमोर होती, आणि ती दोन माणसांची होती.

मालकांनी दोन्ही बूट एकाच चामड्यातून कापले. धाकटीने शिवले. मोठी आपण कशाला आलो हे विसरून शेजारी बसली आणि लेस ओवून दिली. तयार झालेले बूट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग धाकटीने दोन खोकी घेतली, एकात उजवा घातला, दुसऱ्यात डावा, आणि दोन गावांचे पत्ते लिहिले.

मोठीने रिकामी बॅग उचलली. "करारावर सही करून टाका, बाबा," ती म्हणाली. "पण जेवायला वेळेवर उठत जा."

मित्रांनो, एक विनंती करते. कधी कोणी तुमचे माप घेतले, तर लाजून बोटे आत आवळू नका. पाय लहानमोठे असोत, सुजलेले असोत किंवा एकच असो, आहे तसा टेकवा. तुम्ही लपवलेत तर बूट चावेल तो तुम्हालाच. आणि दुकान चालवायला बसलात, तर समोरच्याला काय हवे ते आधी विचारा. एवढे सांगून मी थांबते. टेबलावर एक नवा कागद आला आहे, आणि मालक मला हाक मारत आहेत.