हँडलवरचा चिखल

बाईक क्लबच्या सहलीआधी वहिनी कच्च्या वाटेवर स्वतः बाईक चालवून बघते आणि ती सोपी की कठीण ते ठरवते. काल टेकडीवरून परतली आणि म्हणाली, "सोपी आहे. नवखेही जातील."

मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. चाकांना चिखल असणारच, पण तो हँडलच्या टोकालाही होता, आणि क्लचची दांडी वाकली होती.

"वहिनी, पडलीस ना?"

तिने गॅरेजचं दार लोटलं. "उतारावर सुटे दगड आहेत. दोनदा आडवी झाले. कठीण म्हटलं तर तुझा दादा खोदून खोदून विचारेल आणि बाईक विकायला काढेल."

"आणि तिथे एखादा नवखा पडला तर?"

मग तिने फोन काढून क्लबला 'कठीण' असं कळवलं.

"दादाला मी बघते," मी म्हणाले.