दाबाची खूण

"मशीन तुमच्याच शेठचं आहे कशावरून?" वसुली साहेबांनी जिना चढता चढता तिसऱ्यांदा विचारलं.

"दाखवते की. आधी दार तर उघडू दे."

निवाडा आमच्या बाजूनं लागून दीड वर्ष झालं होतं. आम्ही बारा जणी, वह्या बांधणाऱ्या, चौदा महिन्यांचा थकलेला पगार. निकालाचा कागद मोठा देखणा, फक्त त्यानं चूल पेटत नव्हती. शेठनं कारखान्याला कुलूप ठोकलं, बँकेतलं खातं धुऊन पुसून रिकामं केलं आणि "मी रस्त्यावर आलो हो" असं गाडीत बसून सांगत फिरू लागला. साहेबांनी बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत जप्त करण्यासारखं काही दाखवा, नाहीतर फाइल बंद. आज एकतीस तारीख होती. माझी भाड्याची खोली केव्हाच सुटली होती. दोन वर्षं मी जावेच्या घरी, भांडीसुद्धा विचारून घासत होते.

आणि गेल्या आठवड्यात पुतणीनं शाळेसाठी नवी वही आणली. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात नखाएवढी चंद्रकोर उमटलेली. जाऊबाई म्हणाल्या, "हे कसलं डिझाइन?" मी वही तिच्या हातातून घेऊन उजेडात धरली.

कटिंग मशीनमध्ये कागदाचा गठ्ठा धरून ठेवायला लोखंडी दाब असतो. आमचा दाब एकदा तुटला. शेठनं नवा घ्यायच्या ऐवजी जोडून आणला, आणि जोडावर टेंगूळ राहिलं. तेव्हापासून गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या वहीवर खूण पडायची. मग मीच वर रद्दी पुठ्ठा ठेवायची रीत पाडली. म्हणजे मशीन दुसरीकडं चालू होतं; तिथल्या नव्या बायकांना ती कुणी सांगितली असणार? दुकानदाराशी गोड बोलून मी पत्ता काढला.

दार शेठनंच उघडलं. हातात चहाचा कप.

"अरे, मावशी! वाट चुकलात?"

"चुकले होते. आज सापडली."

आत सहा बायका कागद मोडत बसलेल्या आणि मधोमध मशीन. आमचं करडं होतं, हे हिरवंगार. नंबराची पट्टी काढलेली, स्क्रूची चार भोकं तेवढी उरलेली.

"हे मेहुण्याचं," शेठ म्हणाला. "मी इथं साधा पगारी नोकर."

"मग पगार वेळेवर मिळतो का?" मी विचारलं. बायकांतली एक खुदकन हसली आणि लगेच खाली बघायला लागली.

"बाई, रंग वेगळा, नंबरही नाही," साहेब म्हणाले.

"दाबाखाली एक कोरा पुठ्ठा ठेवू द्या."

"वीज गेलीय," शेठ घाईनं म्हणाला.

"पंखा काय तुमच्या पुण्याईवर फिरतोय? आणि दाबाचं चाक हातानंच फिरवतात, विसरलात?"

साहेबांनी फाइलमधून आमची जुनी वही काढली. खूण पडलेल्या वह्या विकल्या जायच्या नाहीत. त्यातल्याच एकीत मी आमची हजेरी लिहायचे, आणि कोर्टानं तीच पुरावा म्हणून धरली होती.

मी चाकाला हात घातला तसा शेठ कानाशी आला. "मावशी, तुमचे चौदा महिने आत्ता देतो. रोख. ओळखू येत नाही एवढंच म्हणा."

खोटं कशाला बोलू, हात थांबला. आपली खोली, आपलं कुलूप, वाटेल तेव्हा करून प्यायचा चहा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. साहेब फाइल चाळत होते, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. समोर हजेरीचं पान उघडं पडलं होतं. बारा नावं, सगळी माझ्याच गिचमिड अक्षरात.

"बाजूला व्हा," मी म्हटलं आणि चाक फिरवलं.

साहेबांनी पुठ्ठा जुन्या वहीवर ठेवून पाहिला. दोन्ही कोरींची टोकंसुद्धा जुळली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तीन वाजेपर्यंत पूर्ण रक्कम. नाहीतर मशीनला सील."

"म्हणजे आमचं काम गेलं ना, मावशी?" मघाची हसणारी म्हणाली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

शेठ जिन्यात उभा राहून मेहुण्याशी फोनवर भांडत होता. दोन वाजले. अडीच झाले. साहेबांनी बॅगेतून लाख आणि मेणबत्ती काढून मशीनवर मांडली. पावणेतीनला कुणीतरी धापा टाकत बँकेचा ड्राफ्ट घेऊन आलं.

"रक्कम बरोबर आहे. यादीतली नावं तपासा," साहेब म्हणाले.

मी एकेक नाव मोठ्यानं वाचलं. सातव्या नावावर बोट ठेवलं. ती गेल्या वर्षीच गेली होती.

"तिच्या मुलीला मिळेल," साहेब हळूच म्हणाले.

सही करून निघाले तर ती हसणारी जिन्यापर्यंत मागे आली. "तीन महिने पगार नाही आम्हाला. अर्ज कुठं करायचा असतो?"

मी तिला कचेरीचा पत्ता सांगितला, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं तेही. मग जावेला फोन लावला.

"उद्यापासून खोली बघायला लागते मी."

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली.

"बघशील," जाऊबाई म्हणाल्या. "आधी जेवायला ये."