कोण बसले?

फोमच्या कारखान्यात वहिनी मशीन चालवत आणि भावजी गिऱ्हाइकं सांभाळत. फुगवण्याचं काम दोघेही करत. वहिनींना त्यासाठी गॅस लागे, एवढाच फरक.

नव्या मशीनमध्ये रसायनांच्या मिश्रणात द्रवरूप कार्बन डायऑक्साइड दाबाखाली मिसळायचा. तोंडाशी दाब सुटला की सोड्याची बाटली उघडल्यासारखा फेस यायचा आणि चालत्या पट्ट्यावर फुगून त्याचा लांबलचक ठोकळा उभा राहायचा. निदान माहितीपुस्तिकेत तरी राहायचा. इथे तो आधी फुगायचा आणि मग मान टाकायचा. खचताना दिसला की बघणाऱ्याने ओरडायचं आणि वहिनींनी झडप बंद करायची. एवढ्या महागड्या फेसाला अरेतुरे कोण करणार, म्हणून ओरडायचं ते "बसले!" असं.

आज मोठे गादीवाले येणार होते. त्यांच्यासमोर ठोकळा टिकला नाही तर मशीन परत जाणार आणि वहिनी कटिंग खात्यात, हे भावजींनी जाहीर करून टाकलं होतं.

वहिनींनी दाब किंचित वाढवला. फेस एकसारखा पसरला, हळूहळू वर आला. वहिनी झडपेवर हात ठेवून बघत होत्या.

तेवढ्यात ऑफिसच्या दारातून भावजी ओरडले, "बसले! बसले!"

वहिनींनी झडप बंद केली.

"अहो, बंद का केलंत?" भावजी धावत आले.

"तुम्हीच म्हणालात ना, बसले!"

"गादीवाले बसले, वहिनी! खुर्चीत! आल्यापासून निघतो-निघतो चाललं होतं त्यांचं. चहा सांगा म्हणून ओरडलो."

"मग नीट सांगा की, कोण ते! इथे आजवर माणूस बसल्याचं कुणी ओरडून सांगितलं नव्हतं."

आवाज ऐकून गादीवाले स्वतःच आत आले. "ठोकळा एवढाच?"

"तुम्ही बसलात म्हणून," वहिनी खरं तेच बोलल्या.

गादीवाल्यांनी बोट पुढे केलं.

"हात नका लावू. आतून तापलाय, उद्यापर्यंत निवेल."

"मग टिकतो की नाही, कळायचं कसं?"

"बघत राहायचं."

खुर्ची आली, चहा आला. गादीवाले बघत राहिले. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या, मग जांभया आल्या. ठोकळा तसूभर हलला नाही.

"मी कंटाळलो, हा काही कंटाळत नाही," ते उठत म्हणाले. "उद्या कापून नमुना पाठवा. आणि पुढचा पूर्ण लांबीचा काढा."

भावजींनी मशीनवरून प्रेमाने रुमाल फिरवला. "वहिनी, मी तर पहिल्यापासून म्हणत होतो..."

"भावजी, पाहुण्यांना दारापर्यंत सोडून या. आणि येताना तोंड बंद ठेवून या, मी दाब चढवतेय."