चार, सात आणि नऊ नंबरची खाट

नऊ नंबरच्या खाटेवरचे मास्तर मोडलेला खुबा घेऊन आले आणि जुलाबाने गेले. हाड झकास जुळलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून एकमेकांना दाखवला, आणि तिसऱ्या दिवशी सफाई कामगाराने मास्तरांच्या खाटेची गादी ब्लीचने पुसली.

हाडांच्या वॉर्डात माणूस जुलाबाने मेला की कुणाला तरी धरावं लागतं. जंतूला नोटीस बजावता येत नाही. ती वॉर्डातल्या सफाईच्या मावशीला मिळाली: ‘स्वच्छतेतील निष्काळजीपणामुळे संसर्ग पसरल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते. दहा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल.’ एकोणीस वर्षं लोकांचे बेडपॅन उचलले, त्याचं हे प्रशस्तिपत्रक.

घरी तर बातमी तिच्या आधीच पोचली होती. सुनेने तिच्या कपाच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. सहा महिन्यांच्या नातीला घ्यायला मावशीने हात पुढे केले तर सून म्हणाली, “आई, आधी आंघोळ करा ना. केसांवरूनसुद्धा.”

“एकोणीस वर्षं याच हातांनी आले घरी. तुझा नवरा याच हातांनी वाढवलाय.”

“तेव्हा कुणी मेलं नव्हतं,” सून म्हणाली. मुलगा मोबाईलमध्ये बघत राहिला. तो बोलला असता तरी बायकोच्याच बाजूने बोलला असता, असा मावशीला संशय आला. आणि एकदा संशय आला की तो पाहुण्यासारखा जात नाही, जावयासारखा मुक्काम ठोकतो.

दुसऱ्या दिवशी ती तळमजल्यावर लॅबमध्ये गेली. तिथल्या माणसाला सगळे भिंगवाला म्हणायचे. माणूस तिरसट, पण त्याला कुणी काही विचारलं की खुलायचा. त्याला विचारायला कुणी येतच नव्हतं.

“चार, सात, नऊ आणि अकरा. चौघांना जुलाब,” मावशी म्हणाली. “चार, सात, अकरा माझ्या मोठ्या खोलीत. म्हणून खापर माझ्यावर.”

“अकराला यातून काढा,” भिंगवाला म्हणाला. “जंतू तोच, पण वाण निराळा. ज्वारीचे कसे दहा वाण असतात? तसंच. अकराच्या बाईने आपला वाण घरूनच आणलाय. चार, सात आणि नऊ मात्र एकाच वाणाचे. एकाकडून दुसऱ्याकडे गेलेत.”

“पण नऊ नंबर समोरच्या खोलीत. तिथे मी झाडू घेऊनसुद्धा जात नाही. ती खोली मामाची.”

“मग काहीतरी ये-जा करतंय. माणूस असेल, वस्तू असेल. आणि हे बघा, हा जंतू अंगावर कवच चढवून महिनोन्महिने पडून राहतो. तुमच्या त्या भिंतीवरच्या जेलला भीक घालत नाही. साबण-पाण्याने धुऊन जातो, नाहीतर ब्लीचने मरतो. बाकी सगळी नाटकं.”

जेलच्या बाटल्या प्रत्येक दारावर होत्या. येता-जाता डॉक्टर पिचकारी मारून हात चोळायचे, देवाला हात जोडल्यासारखे. हात धुवायच्या बेसिनचा नळ पावसाळ्यापासून गळत होता म्हणून बंद करून ठेवला होता. त्याची नोटीस कुणाला गेली नाही.

मावशीचा पहिला संशय मामावर. मामा म्हणजे समोरच्या खोलीचा कामगार, कामचुकारांचा राजा. आपलं फडकं धुवायचा कंटाळा येतो म्हणून तो तिचं फडकं पळवत असणार, मोठ्या खोलीची घाण समोर नेत असणार. तिने आपल्या पोछ्याच्या दांड्याला खुणेचा निळा दोरा बांधला आणि तीन दिवस पाळत ठेवली. निळ्या दोऱ्याचा पोछा समोरच्या खोलीत एकदाही दिसला नाही. चौथ्या दिवशी मामाच दांडा हातात घेऊन समोर उभा.

“हा दोरा कशाला गं? माझ्यावर करणी करतेस काय?”

“तू माझा पोछा नेतोस का ते बघायला.”

“अगं बाई! आणि मी आठवडाभर तुझे ग्लोव्ह्ज मोजतोय,” मामा म्हणाला. “पेशंट बदलला की तू ग्लोव्ह्ज बदलतेस का ते बघायला सिस्टरने सांगितलंय मला. माझी नोकरी वाचेल म्हणाली.”

“मग? बदलते का?”

“बदलतेस की. तेच तर दुखणं आहे. सांगू काय जाऊन?”

दोघं हसले, पण हसणं लवकर संपलं. खाली दोघांनी एकमेकांची कॉलर धरावी आणि वर सगळे सुखरूप राहावेत, हा डाव मावशीच्या लक्षात आला. दोन आंधळ्यांना भिडवायचं आणि मध्ये काठी पळवायची.

“मास्तरांच्या खोलीत माझ्याशिवाय कोण जातं ते विचार ना मला,” मामा म्हणाला. “डॉक्टर, सिस्टर आणि व्यायामाच्या मॅडम. दोन तारखेला मास्तरांना त्यांनीच चालवलं. पट्टा बांधून.”

पट्टा. मावशीने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

तो दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा. चार बोटं रुंद, जाड कापडाचा, लोखंडी बकल असलेला. पेशंट पडू नये म्हणून त्याच्या कमरेला बांधून मॅडम मागून धरायच्या आणि चालवायच्या. मागच्या महिन्याच्या शेवटी चार नंबरच्या आजोबांना व्हरांड्यात चालवताना त्यांचे कपडे खराब झाले होते. फरशी मावशीने पुसली. आजोबांना सिस्टरने धुतलं. गाऊन लॉन्ड्रीत गेला. पट्टा मॅडमने सोडला, जेल लावलेल्या कागदाने बकल पुसलं आणि परत खिळ्याला लावला. मावशीने ते पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पुढच्या खाटेकडे गेली होती.

तिने तो पट्टा पिशवीत घालून थेट लॅबमध्ये नेला.

“हे असं चालत नाही,” भिंगवाला म्हणाला. “नमुना कुणी घेतला, कुणाच्या परवानगीने, कागद कुठाय?”

“कागद माझ्याकडे एकच आहे. नोकरीवरून काढायचा. तो देऊ?”

त्याने पट्टा घेतला. सहा दिवस लागले. चौकशीच्या सकाळी त्याने जिन्यात गाठून सांगितलं, “तोच वाण. पण मी लिहून देणार नाही. साहेबांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.” एवढीसुद्धा हिंमत त्या इमारतीत दुर्मिळ होती.

चौकशीला मोठे साहेब, इन्चार्ज सिस्टर, व्यायामाच्या मॅडम आणि कोपऱ्यात भिंगवाला. मावशीला बसायला सांगायचं कुणाला सुचलं नाही. ती आपण होऊन बसली.

“साहेब, चालवायचा पट्टा कुणाच्या यादीत आहे?”

सिस्टरने भिंतीवरच्या तिन्ही याद्या वाचल्या. मावशी-मामा: फरशी, संडास, खाटा, बेडपॅन. सिस्टर: ट्रॉली, थर्मामीटर, बीपीचा पट्टा. लॉन्ड्री: चादरी, गाऊन. चालवायचा पट्टा कुठेच नव्हता.

“तो व्यायाम विभागाचा,” सिस्टर म्हणाली.

“छे, तो वॉर्डात टांगलेला असतो. वॉर्डाचाच,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे बेवारस,” मावशी म्हणाली. “चारच्या आजोबांची घाण त्याच्यावर, तोच सातला बांधला, तोच मास्तरांना. किती वर्षांत धुतला नाही, सांगा कुणीतरी.”

साहेबांनी भिंगवाल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. “वाण जुळतो, सर.”

खोलीतली हवा बदलली. पण साहेब साहेबच होते. ते पुढे झुकले. “मावशी, तुम्हाला तो घाण झालेला दिसला होता ना? मग धुतला का नाही?”

हा प्रश्न तिने स्वतःलाही विचारला होता, मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा नाही, पट्टा पिशवीत घालताना. ती म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी बीपीचा पट्टा घाण दिसला म्हणून मी ब्लीचने धुतला होता. त्याचा रंग गेला. तुम्हीच मेमो दिलात, ‘दुसऱ्याच्या यादीतील वस्तूस हात लावू नये.’ मी हात लावला नाही. मास्तर गेले. त्यातला माझा वाटा मी घेते, साहेब. तुमचा कुणी घेतंय का बघा.”

कुणी घेतला नाही. अर्ध्या तासाने तिला परत आत बोलावलं. नोटीस मागे घेतली आहे, नवे पट्टे येतील, बेसिनचा नळही दुरुस्त होईल, असं साहेब म्हणाले. सिस्टरने एक छापलेला कागद पुढे केला. “नवी यादी. तुमच्या यादीत पट्टा घातलाय. इथे सही करा, मावशी. संपलं सगळं.”

मावशीने चष्मा लावला. फरशी, संडास, खाटा, बेडपॅन, चालवायचा पट्टा. वर लिहिलं होतं: दिनांक एक पासून लागू.

मास्तरांना दोन तारखेला चालवलं होतं. आज एकवीस.

“ही एक तारीख कशी?”

“यादी महिन्याची असते हो. नेहमीच एक तारखेपासून छापतो.” सिस्टरचा आवाज लोण्यासारखा होता. कदाचित ती खरंच बोलत असेल. कदाचित तिला माहीतही नसेल. मावशीने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला कळलं नाही. आणि कळलं नाही म्हणूनच तिने पेन उघडलं.

“अहो, नुसती सही करायचीय,” साहेब म्हणाले.

मावशीने छापलेल्या एकवर आडवी रेघ मारली. शेजारी आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं: पट्टा एकवीसपासून माझ्याकडे. त्याआधी कुणाकडेच नाही. मग खाली सही केली, कागद टेबलावर सपाट ठेवला, आणि साहेबांचा हात त्याच्याकडे यायच्या आत मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला.