बागवानाची बायको

वहिनींनी सातवं व्यंगचित्रही उलटं करून टेबलावर आपटलं.

"हेही खोटं. भोपळ्यावर मी कधी बसले नव्हते. बसले हे होते. वर भोपळा फुटला म्हणून दोन दिवस माझ्यावरच रुसले."

संपादकांनी कपाळाचा घाम पुसला. साप्ताहिकात पस्तीस वर्षं चाललेल्या 'बागवान आणि बायको' या व्यंगचित्रांचं पुस्तक निघायचं होतं. व्यंगचित्रकार, म्हणजे वहिनींचे यजमान, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या खणातला हा गठ्ठा छापायला वहिनींची सही हवी होती. अर्ध्या तासात काम उरकेल, अशी बिचाऱ्यांची समजूत. आता तिसरा चहा निवत चालला होता.

"वहिनी, विनोद आहे हो तो. लोक पोट धरून हसायचे."

"कुणाला? मलाच ना? बाजारात भाजीवाली विचारायची, यंदा गाजरं उलटी लावलीत म्हणे? आता पुस्तक काढा, म्हणजे नातवंडंही हसतील."

वहिनींचं काही चुकत नव्हतं. चित्रांतला टोपीवाला बागवान महाशहाणा आणि त्याची गोलमटोल बायको जन्माची वेंधळी. प्रत्यक्षात घरामागची सगळी भाजी वहिनींनी पिकवलेली. हा गृहस्थ व्हरांड्यात खुर्ची टाकून सल्ले तेवढे द्यायचा. वांग्याचं रोप कुठलं नि मिरचीचं कुठलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

"या झाडाला काय म्हणायचं, सांगा बरं भाऊजी," वहिनी आठवं चित्र नाचवत म्हणाल्या. "पानं मुळ्याची, फळ टोमॅटोचं. आणि मूर्ख कोण, तर मी!"

"बरं, तुम्हाला पटतील तेवढीच छापू," संपादक रडकुंडीला येऊन म्हणाले.

हे बोलायला नको होतं. वहिनी चित्रांमागून चित्रं बाद करत सुटल्या. पुस्तकाची पुस्तिका होण्याचीही आशा उरली नाही.

मग त्यांचा हात थांबला.

चित्रात बायको घेवड्याच्या वेलाजवळ खुर्चीत झोपली होती. तोंड उघडं, एक चप्पल पायातून गळालेली, मांडीवर शेंगांची टोपली. मागे बागवान तिच्यावर छत्री धरून उभा. स्वतः मात्र उन्हात घामानं निथळतोय. चित्राखाली विनोदाची ओळ नव्हती.

संपादकांनी कागद उलटून पाहिला. मागे अंकाचा शिक्काही नव्हता.

"हे आमच्याकडे कधी आलंच नाही," ते म्हणाले. "बाजूला काढू?"

वहिनींनी चष्मा पुसला आणि चित्र खिडकीपाशी नेलं.

"घेवडा बरोबर काढलाय," त्या म्हणाल्या. "तीन-तीन पानं. ती निळी टोपलीसुद्धा माझीच, कडेला मोडलेली. बागेत एवढा वेळ हे उभे राहिले कधी?"

"म्हणजे हे तरी खरं?"

"मला काय माहीत?" वहिनी उसळल्या. "मी झोपले होते ना!"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"माणसानं सांगायचं तरी एकदा," वहिनी चित्रातल्या बागवानाला म्हणाल्या. "भोपळ्याचं गावभर सांगितलंत, हे सांगायला काय झालं होतं?"

संपादकांनी चित्रासाठी हात पुढे केला. वहिनींनी ते चित्र पदराआड घेतलं.

"पेन द्या इकडं. बाकीची सगळी छापा," त्या म्हणाल्या. "हे मिळणार नाही."